उंबऱ्यावर रडलं की सावकार सुधारतो?

महोदय,

यात्रा जवळ आली की खानापूर, बेळगाव, निपाणी भागात नाटकांच्या तालमी रंगू लागतात. सामाजिक नाटकांतला सावकार दोन अंक गाव लुबाडतो आणि तिसऱ्या अंकात नायिका रडली की हात जोडून नायक होतो. टाळ्या पडतात, पण ते कुणाला पटत नाही. दोष नटाचा कमी, संहितेचा जास्त.

सावकाराच्या कठोरपणातली पहिली चीर पहिल्या अंकातच दिसायला हवी, तीही न बोलता. जप्तीला आलेला सावकार सगळी भांडी उचलतो, चुलीवरची कढई मात्र तशीच ठेवतो. एवढं पुरे. त्या जागी कुणी पेटीचा सूर धरला, की प्रेक्षकाला पुढचं सगळं कळलंच म्हणून समजा.

दुसऱ्या अंकात त्याला सुधारू द्या आणि पुन्हा घसरू द्या. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला सुधाकर दारू सोडतो आणि परत पितो, म्हणून तो खरा वाटतो. प्रेम म्हणजे अंगारा नव्हे, लावला आणि भूत उतरलं. दुसऱ्या अंकात पळवून नेलेल्या मुलीनेच तिसऱ्यात त्याच्यावर भाळायचं, हा प्रकार तर बंदच करावा.

शिवाय एक व्यवहाराची अडचण. बऱ्याच गावांत स्त्रीपात्रं बाहेरून आणतात आणि ती एखाद-दुसऱ्याच तालमीला उभी राहतात. अख्खं परिवर्तन त्यांच्या प्रवेशांवर टाकलं तर प्रयोगाच्या रात्री नट-नटी दोघंही पाठ केलेलं म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा धाकटा भाऊ किंवा लहान मुलगा घ्या. गावातलाच नट असला की महिनाभर तालीम होते. माया तिथेही असतेच.

तिसऱ्या अंकात किंमत मोजायला लावा. माणसं मारणारा दरोडेखोर अंगुलिमाल भिक्खू झाल्यावरही भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले आणि बुद्धांनी ते सोसायला सांगितलं. आपला सावकार मात्र माफी मागतो आणि पुढच्याच प्रवेशात हार घालून घेतो! जमीन हडपली असेल तर उताऱ्यावरचं नाव बदललेलं दिसलं पाहिजे. आणि एकाने तरी माफ करू नये. हे काम नायकाला देऊ नका, दोनच वाक्यं असलेल्या म्हातारीला द्या.

आपल्याकडचा प्रेक्षक आधीच सावध असतो. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, आणि प्रेमाचं, लग्नाचं सोंग हेच त्याचं हत्यार. त्यामुळे ‘तुझ्यामुळे मी बदललो’ म्हणणाऱ्याकडे लोक संशयानेच बघतात. यावर उतारा एकच: खलनायकाचं पहिलं चांगलं काम नायिकेच्या पाठीमागे घडावं आणि तिला ते कधीच कळू नये. प्रेक्षकाला कळलं की झालं.

लाल लाइट जाऊन निळा येणं, काळा चष्मा निघणं, मिशी उतरणं हे सगळं वगळलं तरी चालतं. भाषेचं मात्र सांभाळा. दोन अंक इथल्या बोलीत शिव्या देणारा माणूस सुधारला की एकदम पुण्याचं मराठी बोलू लागतो. म्हणजे आपली बोली फक्त वाईट माणसाची झाली! सुधारल्यावरही त्याने ‘काय करूलालास?’ असंच विचारावं.

— एक नाट्यप्रेमी, खानापूर