घर बदलल्यानंतरच्या भांडणांविषयी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हल्ली तुमचे फोन वेगवेगळे येतात. आई सांगते, हे सारखे खेकसतात. बाबा सांगतात, हिला माझं काहीच पटत नाही. फोनवर एक बोलत असताना दुसरा शेजारी ऐकत असतो, मग मोकळं काहीच होत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आई, तू शेवटपर्यंत मध्ये बोलू नकोस.

कोण बरोबर ते मी ठरवणार नाही. चहा, टीव्ही, पंखा यावरून वाद होतात खरे, पण मूळ दुखणं निराळं आहे. ठाण्यातली नौपाड्याची इमारत पुनर्विकासाला गेली, तुम्ही घोडबंदर रोडला भाड्याने आलात. सामान सगळं आलं, दिवस मात्र तिकडेच राहिला. बाबांची तलावपाळीची फेरी, बाकावरची मंडळी, ग्रंथसंग्रहालयात चाळलेले अंक. आईच्या गॅलरीतल्या गप्पा, ओळखीची भाजीवाली, सोमवारचं कौपिनेश्वराचं दर्शन. यातलं काहीच कुणी ठरवून करत नव्हतं, त्यामुळे ते गेलं हे जाणवतही नाही. आता दार लावलं की घरात दोघंच. पूर्वी चार जणांकडे बोलून जे हलकं व्हायचं, ते सगळं आता एकाच माणसावर येतं. निवृत्तीनंतर घर बदललेल्या कितीतरी जोडप्यांचं असं होतं.

तेव्हा आधी दिवस बांधू. सकाळी १० ते १ दोघांनी वेगळं राहायचं, निदान वेगळ्या खोलीत. या वेळात बाबांनी स्वयंपाकघरात फिरकायचं नाही. आई, निवृत्त बाबा झाले, तू नाही. उलट तुझं काम वाढलं. म्हणून बाबांनी घरातलं एक काम पूर्ण अंगावर घ्यावं. भाजीच घ्या: काय आणायचं ते ठरवणं, आणणं, निवडणं, चिरणं. 'मदत करतो' म्हटलं की डोक्याने काम आईचंच राहतं. आणि आई, त्यांनी चिरलेली भेंडी जाड असली तरी तशीच फोडणीला टाक. बहुतेक घरांत ही वाटणी इथेच मोडते: एक जण केलेलं काम पुन्हा करतो, दुसऱ्याला ते लागतं आणि तो अंग काढून घेतो.

आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार म्हणू, बाबांनी एकट्याने जुन्या कट्ट्यावर जावं. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा, संध्याकाळच्या कोंडीआधी परत या. आईनेही सोमवार सोडू नये. नव्या ठिकाणी ओळखी करायच्या तर वेळ आणि जागा बदलू नका. रोज त्याच वेळी त्याच बाकावर बसलं की माणसं आधी मान डोलावतात, मग नाव विचारतात. याला तीन-चार आठवडे जातात. एकदा जाऊन 'कुणी बोललंच नाही' म्हणून बंद करू नका. जवळपास ज्येष्ठ नागरिक संघ आहे का, ते सोसायटीच्या ऑफिसात विचारा.

आता प्रत्यक्ष भांडणाविषयी. एका वेळी एकच विषय. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द बाजूला ठेवा, कारण ते कानावर पडले की समोरचा ऐकायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. आई, "तुम्ही कधी ऐकतच नाही" याऐवजी, "अहो, मला दहा मिनिटं बोलायचंय, टीव्ही बंद करता?" बाबा, "तुला काही सांगून उपयोग नाही" याऐवजी, "अगं, मी आणलेली भाजी तू परत निवडलीस की मला वाईट वाटतं." आवाज चढला, छाती धडधडली, तर थांबा. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. त्याआधी पुन्हा सुरू केलं तर तेच भांडण जास्त जोरात होतं. जो थांबू म्हणेल त्यानेच पुढची वेळ सांगायची: "पाच वाजता बोलू." वेळ न सांगता उठून गेलात की त्याचा अबोला होतो.

बिल्डरचं भाडं, ताबा कधी मिळणार, करार, हे सगळं एका वहीत. बुधवारी पाच ते साडेपाच तेवढंच बोलायचं. इतर वेळी सुचलं तर वहीत टिपायचं. रात्री जेवणानंतर हा विषय अजिबात नको, झोप उडते.

बाबा, जेवण लांबलं की चिडचिड होते, हात थरथरतात, घाम येतो, तेव्हा आधी साखर तपासा. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी ती खाली जाते. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, मग काहीतरी खा. असं वारंवार झालं तर डॉक्टरांना गोळीचं प्रमाण विचारायचं.

कानाचंही मनावर घ्या. टीव्हीचा आवाज वाढत चाललाय. आई आतून हाक मारते, तुम्हाला अर्धी ऐकू येते, ती तेच वाक्य चढ्या आवाजात म्हणते आणि तुम्हाला ती रागावल्यासारखी वाटते. निम्मी भांडणं इथे उगवत असतील. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आधी मळ काढून घ्या, मग श्रवणचाचणी. मशीन लागलं तर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा टोचतो. तेव्हा ते कपाटात ठेवून देऊ नका, दिवसाला थोडा थोडा वेळ वाढवत जा. आणि आई, तोपर्यंत त्यांच्या समोर येऊन बोल.

सगळ्यात काळजी ज्याची वाटते ते आता लिहिते. बाबांनी वाजवायची पेटी उघडलेली नाही, पहाटे तीनला जाग येते, जेवण कमी झालंय, अंग दुखतं म्हणतात. दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज असं होत असेल तर ते नैराश्य असू शकतं. उतारवयात, विशेषतः पुरुषांमध्ये, ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून आणि अंगदुखीतून दिसतं. 'वय झालं' म्हणून सोडायची ही गोष्ट नाही, यावर उपचार आहेत. आधी फॅमिली डॉक्टरांना विचारून रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं; दोन्हींचा परिणाम मनावर होतो.

नंतर मनोविकारतज्ज्ञ. 'ठाण्याला पाठवा' हा टोमणा ऐकत तुम्ही ठाण्यातच आयुष्य काढलंत, त्यामुळे नाव काढलं की तुम्ही विषय बदलता, हे मला समजतं. पण १९०१ सालच्या त्या मनोरुग्णालयातही माणसं बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी जातात, आणि आयपीएचसारखी मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून याच शहरात आहे. मनोविकारतज्ज्ञ औषध देतात, समुपदेशक बोलून मार्ग काढतात. बऱ्याचदा दोन्ही लागतं. समुपदेशनाची एक भेट साधारण पाऊण ते एक तासाची. दोघं जाणार असाल तर सुरुवातीला प्रत्येकाला वेगळंही भेटतात. तिथे कुणी निवाडा देत नाही आणि बोललेलं बाहेर जात नाही.

नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागत नाही. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. आठवड्यात काही झालं नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची. शेजाऱ्यांकडची किंवा ओळखीच्या केमिस्टकडून आणलेली गोळी घेऊ नका. या वयात तोल जाऊन पडायला होतं, विसरायला होतं.

'आता जगून काय करायचं' असं मनात आलं किंवा एकाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, तर त्याच दिवशी मला सांगा, रात्र असली तरी. एकट्याला सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा.

एकदम सगळं करू नका. या आठवड्यात रक्त आणि कान, एवढंच. रक्त उपाशीपोटी द्यायचं का ते लॅबमध्ये विचारून घ्या. तपासण्यांचे कागद आले की फोटो पाठवा, पुढची वेळ मी घेते आणि त्या दिवशी रजा टाकून तुमच्याबरोबर येते.

तुमची,
लेक