बीटवाल्या दादांना, उघडपणे

दादा, सा. न. वि. वि.

आभार म्हटलं की तुम्ही "चल भिया, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्या इंदुरात रॅप करणाऱ्या पोरांची नावं कॉलेजात सगळ्यांना पाठ असतात. शब्दांखाली वाजणारा ताल, म्हणजे बीट, कोणाची, हे क्वचितच कोणी विचारतं.

शब्द सोड, किक (मोठ्या ड्रमचा ठोका) कुठं पडतेय ते सांग, एवढाच तुमचा क्लास. त्यातून मी रॅपचं जन्मगाव न्यूयॉर्क, त्याच्या बाहेरचं ऐकू लागलो. न्यू ऑर्लिन्सचा बीटवाला मॅनी फ्रेश घ्या. नव्वदच्या दशकात 'कॅश मनी' या रेकॉर्ड कंपनीची बहुतेक गाणी त्याच्या हातची, त्यात गावाच्या बाउन्स या नाचाच्या संगीताची उडती चाल. नाव मात्र गाणाऱ्यांचं झालं. मेम्फिसचा बीटवाला डीजे स्क्वीकी, त्याची तर आजही ओळख करून द्यावी लागते. रील्सवर फोंक नावाच्या संगीतात जी घंटा टणटणते, तिचं माहेर त्याच गावच्या खरखरत्या कॅसेटींत आहे. घंटा रोलंडच्या ८०८ ड्रम मशीनमधली. हे यंत्र १९८० मध्ये आलं, पण त्याचा ड्रम खऱ्यासारखा वाजत नव्हता, म्हणून फारसं खपलं नाही, आणि १९८३ मध्ये ते बनवणंही बंद झालं. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि खिसा रिकामा असलेल्या पोरांच्या हाती पडलं.

पण माझे कान खरे उघडले ते ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूपाशी. तो दोन टर्नटेबलवर एकच गाणं जरा मागेपुढे चालवून शब्द तोडायचा, परत म्हणायला लावायचा आणि सगळं संथ करून कॅसेटवर उतरवायचा. २००० मध्ये तो गेला. तुम्ही त्याची टेप बंद केलीत आणि लगेच उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा तालातला ख्याल लावलात. चौदा मात्रा, आणि दोन मात्रांच्या मध्ये एवढी जागा की माणूस तिथं बसून विचार करील! "दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही," असं तुम्हीच बजावलंत, "पण थांबायचं कसं ते दोघांकडून शीक. आणि खाँसाहेब तर आपल्या गावचे."

तुमच्या बीटमध्ये ते थांबणं आहे. हाय-हॅटच्या (ड्रमसेटमधल्या झांजेच्या) जागी भजनी मंडळाचा टाळ, तोही केसभर उशिरा पडणारा. खाली अनंत चतुर्दशीच्या झांकीत, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीत, रेकॉर्ड केलेला ताशा, अर्ध्या वेगावर आणलेला. तुम्ही गाण्याच्या सुरुवातीला स्वतःच्या नावाची हाक, म्हणजे टॅग, लावत नाही, पण राजवाड्याजवळून जाणाऱ्या कुठल्याही गाडीत तो टाळ वाजला की मी ओळखतो. (बेस जरा जास्तच ठेवता, हे माझं मत कायम आहे.)

माझं पहिलं गाणं तुम्ही रात्री जागून मिक्स केलंत. मराठीतला "ळ" माइकवर नीट येईना, तर तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलात, आणि पैशाचं काढलं की उठून पंखा लावायचात.

म्हणून यावेळी न विचारता केलंय. नव्या गाण्यावर तुमचं नाव माझ्या आधी आहे, आणि जी काही कमाई येईल तिचा अर्धा वाटा तुमच्या नावावर लिहून फॉर्म भरलाय. नको म्हणायला फोन करू नका. त्यापेक्षा तो रंगपंचमीच्या गेरीतला (मिरवणुकीतला) ढोल घातलेला लूप, फिरून फिरून वाजणारा तुकडा, पाठवा, कधीपासून अडवून ठेवलाय.

तुमचा,
लोकमान्यनगरचा धाकटा