पल्लवीच्या लसीबद्दल, लेस्टरहून

लेस्टर (इंग्लंड), १४ नोव्हेंबर २०२१

ती. आई-आबांना नमस्कार,

फोनवर सारखी रेंज जात होती म्हणून नीट लिहूनच पाठवतेय, पल्लवीला पण वाचून दाखव. तिला पाचवा लागलाय ना, मग लसीचं डोहाळजेवणानंतर बघू असं प्लीज म्हणू नका, याच आठवड्यात पहिला डोस द्या. कोव्हिशील्डच्या दोन डोसमध्ये बारा आठवडे जातात, म्हणजे आत्ता घेतला तर दुसरा आठव्यात येतो, सातव्यात सुरुवात केली तर दुसरा बाळ झाल्यावरच. कोव्हॅक्सिन मिळाली तर २८ दिवसांत दुसरी. जी मिळेल ती घ्या, गरोदर बायकांना लस द्यायला आपल्या सरकारने २ जुलैलाच परवानगी दिलीये.

तिच्या सासूबाईंना बाळाची काळजी वाटते ते मला कळतं गं. इथेही एप्रिलपर्यंत सरसकट देत नव्हते. मग अमेरिकेत जवळपास ९० हजार गरोदर बायकांना फायझर-मॉडर्ना दिलेली, त्यात काही वावगं दिसलं नाही, तेव्हा इथे सगळ्यांना सुरू केली. त्या लसी वेगळ्या हे मान्य, पण आपल्याकडच्या दोन्हीतही करोनाचा जिवंत विषाणू नाहीये, त्यामुळे लसीतून बाळाला करोना होईल ही भीती तरी काढून टाका. एखादा दिवस कणकण येईल, पॅरासिटामॉल चालते.

आई, मी वॉर्डात काय बघते ते सांगते. सातव्यातली एक मुलगी होती, लस न घेतलेली, मास्कमधून ऑक्सिजन चालू, डाव्या कुशीवर झोपवलेली, आणि दोन शब्द बोलली की थांबायची. शेवटी तिला श्वास घेणं सोपं जावं म्हणून सिझर करून बाळ लवकर काढलं, बाळ काचेच्या पेटीत आणि आई आयसीयूत, तिला बाळाचं तोंड पहिल्यांदा फोनवर दाखवलं. दोघं वाचली, पण असं सगळ्यांचं होत नाही. शेवटच्या महिन्यांत पोट वर चढतं, फुफ्फुसाला जागा कमी पडते, ऑक्सिजन मात्र जास्त लागतो, त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका. इथे एक्मोवर, म्हणजे फुफ्फुसं थकली की शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या मशीनवर, गेलेल्या १६ ते ४९ वयाच्या बायकांत आता ३२ टक्के गरोदर आहेत, मार्च २०२० मध्ये हेच ६ टक्के होतं. आणि हे फक्त इथलं नाही, आपल्या मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये पॉझिटिव्ह गरोदर आणि बाळंतिणींचे मृत्यू पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, दुसऱ्या लाटेत ५.७.

लस घेतली की आईच्या अंगातल्या अँटीबॉडीज नाळेतून बाळापर्यंत जातात, तान्ह्या बाळाला तर करोनाची कुठलीच लस नाही, त्याला जे मिळणार ते पल्लवीकडूनच.

आणि समजा डिलिव्हरीच्या वेळी ती पॉझिटिव्ह निघालीच, तर बाळ तिच्यापासून लांब नेऊ देऊ नका आणि वरचं दूध सुरू करू नका. चीक पाजायचाच, मास्क लावून, हात साबणाने धुऊन. अंगावरच्या दुधातून करोना होत नाही, जवळून खोकल्या-शिंकल्याने होतो, म्हणून मास्क. बहुतेक बाळं ठणठणीत असतात, जास्त त्रास होतो तो दिवस भरायच्या आत जन्मलेल्यांना.

तोवर घरात ऑक्सिमीटर आणून ठेवा. तिला ताप-खोकला आला तर काढ्यावर दिवस काढू नका, टेस्ट करा, आकडा ९५ च्या खाली गेला, धाप लागली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली की तडक दवाखाना, रात्र असली तरी. आणि डोहाळजेवण घरच्या घरी करा, हॉल घेऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा, तुम्हा दोघांचे दुसरे डोस राहिलेत ते आधी उरका.

सासूबाईंचा नंबर पाठव, मी स्वतः बोलते त्यांच्याशी, त्यांना रागावल्यासारखं वाटणार नाही असं बोलेन. डोस कोणत्या तारखेला ते ठरलं की लगेच मेसेज टाक.

तुझी
स्मिता