सरांची पेठ विचारू नका, पोराचा गुडघा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले तीन आठवडे आमच्या पेठेत दुसरा विषय नाही. ज्या हायस्कूलच्या फुटबॉल टीमचा मी एकेकाळी गोलकीपर होतो, त्या टीमला या जूनमध्ये नवे कोच आले. आधीचे सर मे महिन्यात निवृत्त झाले. अर्ध्या पेठेच्या पायात बॉल दिला तो त्यांनीच, तेव्हा त्यांच्या जागी कुणीही आलं असतं तरी त्याला जड गेलं असतं. नव्या सरांचं मात्र वेगळंच दुखणं आहे. त्यांनी कोचिंगचा डी लायसन्सचा कोर्स केलाय, केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये कितीतरी वर्षं ते हाफला, मधल्या फळीत खेळले, पण खेळले ते आमच्या विरोधातल्या तालमीकडून. तेवढ्यावर त्यांच्या नावावर फुली मारली गेली.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना हे पोरकट वाटेल. आमच्याकडे फुटबॉल तालमीतनं वाढला. कुस्तीच्या आखाड्यांची नावं टीमना लागली: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की दुकानं लवकर बंद होतात आणि कोण कुठल्या बाजूच्या पायऱ्यांवर बसणार हे जन्मापासून ठरलेलं असतं. ही ईर्षा मला प्यारी आहे. तिच्याशिवाय जिल्ह्याच्या गावात एका लीग मॅचला हजारो माणसं जमलीच नसती. पण ती मोठ्यांच्या मॅचची गोष्ट आहे. शाळेच्या टीममध्ये चार पेठांची पोरं एकाच जर्सीत खेळतात, तिथं ही ईर्षा घेऊन आपण कुणावर ओरडतोय?

सुब्रतो कप या शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत, शहर पातळीवरच्या पहिल्याच मॅचला आमची टीम तीन-शून्यनं हरली. ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे, आणि दिल्लीत जाऊन खेळायचं स्वप्न आमच्या शाळेनं कधी सोडलं नाही. तिच्या खालच्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात होतात. त्या दिवशीही पाऊस लागून राहिला होता आणि गोलपुढच्या डीमध्ये घोट्यापर्यंत चिखल होता. आमचा सगळ्यात भारी फॉरवर्ड, नववीतला पोरगा, पूर्ण मॅच बाकावर बसून होता. दुसरा गोल झाल्यावर कठड्याजवळच्या घोळक्यातनं आरोळ्या सुरू झाल्या. "सर, तुमच्या पेठेत परत जावा!" "मुद्दाम पाडायला आलाय!" संध्याकाळपर्यंत मोबाईलच्या स्टेटसवर सरांचा फोटो फिरत होता आणि खाली नको नको ते लिहिलेलं. लिहिणाऱ्यांत माझ्याबरोबर खेळलेली माणसंही होती, म्हणून हे पत्र.

तिसरा गोल झाला तेव्हा मी पोस्टपासून दहा पावलांवर होतो. आमचा गोलकीपर बारीक चणीचा आहे. चिखलानं जड झालेले हातमोजे त्यानं काढले, पिळले आणि परत घालायला लागला, पण बोटं थरथरत होती, अंगठा काही आत जाईना. मागनं कुणीतरी त्याला सरांच्या तालमीचं नाव घेऊन हाक मारली. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. मोजा तोंडात धरून त्यानं वर ओढला आणि किक मारायला गेला. सरांवर टाकलेली शिवी लागते ती अशी.

आता त्या फॉरवर्डचं. तो बाकावर का होता, हे ओरडणाऱ्यांतल्या एकानंही विचारलं नाही. मी विचारलं. मॅचनंतर त्यानं मोजा खाली करून गुडघा दाखवला. वाटीच्या खाली सुपारीएवढा टणक उंचवटा, आणि त्याला बोट लावलं तरी पोरगं कळवळतंय. वाढीच्या वयात हाडं भराभर लांब होतात. मांडीचे स्नायू वाटीखालच्या हाडाला जिथं धरून असतात ती जागा अजून कच्ची असते. सारखं पळणं, उड्या आणि किक यांनी तिथं ओढ बसते, मग सूज येते. खेळणाऱ्या पोरांत हे दुखणं नेहमीचं आहे, आणि बहुतेकदा भार कमी केला, विश्रांती दिली की बरंही होतं. पण हा पोरगा सकाळी शाळेच्या प्रॅक्टिसला, संध्याकाळी तालमीच्या प्रॅक्टिसला आणि रविवारी कुठंतरी टर्फवर खेळत होता. सरांनी त्याला तपासून घ्यायला लावलं आणि डॉक्टर थांब म्हणाल्यावर थांबवलं. त्यांनी टीम पाडली म्हणणाऱ्यांनी तो गुडघा एकदा बघावा.

हे मला एवढं लागतं त्याला कारण आहे. मी दहावीत असताना माझा गुडघा असाच सुजला होता. तेव्हा मला कुणी थांबवलं नाही. फायनल तोंडावर होती, पेठेतली मोठी माणसं घरी येऊन गेली, मी पट्टी बांधून खेळलो. आम्ही जिंकलो, खांद्यावरनं मिरवणूक निघाली. त्याच मॅचमध्ये गुडघ्यावर पडलो आणि आतलं काहीतरी कायमचं तुटलं. आज पन्नाशी ओलांडली आहे. लग्नकार्यात पंगतीला मांडी घालून बसता येत नाही, शेवटाला खुर्ची टाकून द्यावी लागते. खांद्यावर घेणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती, त्यांचा जीवच होता माझ्यावर. पण त्या वेळी बाकावर बसवणारा एक माणूस पाहिजे होता.

अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा कोल्हापूरच्या सगळ्या पेठा टीव्हीसमोर एक झाल्या होत्या. तो कमी वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथं घडला. त्याला शिकवणाऱ्या कोचांची तालीम कुठली, असं आपल्यापैकी कुणी विचारलं होतं का?

सरांचं सगळंच बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. ते कमी बोलतात, आणि आमच्या गावात कमी बोलणारा माणूस लगेच आढ्यतेखोर ठरतो. फॉरवर्डला का बसवलं हे त्यांनी मॅचच्या आधी पालकांना बोलावून सांगायला हवं होतं. लाँग बॉलवर, म्हणजे लांब किक मारून बॉल पुढं टाकण्यावर वाढलेल्या बॅकना पहिल्याच महिन्यात, तेही चिखलात, खालनं पास देत बाहेर यायला लावलं, हे मला पटलेलं नाही. दुसरा गोल त्यातनंच बसला. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं.

मी आठवड्यातनं चार सकाळी प्रॅक्टिस बघायला जातो. साडेसहाला सर आलेले असतात. आधी पोरांना विचारतात, रात्री किती वाजता झोपलास, काय खाऊन आलास. उपाशी आलेल्याला पिशवीतनं केळं काढून देतात. त्या बारक्या गोलकीपरला परवा अर्धा तास नुसतं पडायला शिकवत होते: कोपरावर नको, गुडघ्यावर नको, खांद्याच्या बाजूवर. सर स्वतः चिखलात पडून दाखवत होते. मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या पेठेतल्या मंडळींना हात जोडून विनंती आहे. या माणसाला एक हंगाम द्या. मॅचला जरूर या, पण पोस्टच्या मागं उभं राहू नका, आणि सरांचा राग पोरांवर काढू नका. पटत नसेल तर सकाळी मैदानावर येऊन त्यांच्याशी बोला. फोटो टाकलेत ते काढून टाका. त्यांची मुलगीही याच शहरात शाळेला जाते.

आणि एक काम आहे. अठ्ठावीस पोरांत मिळून धड पाच बॉल आहेत, त्यातले दोन शिवण उसवलेले. सरांनी पाच नंबरचे दहा बॉल मागितलेत. वाढदिवसाच्या एका मोठ्या फ्लेक्सला जेवढा खर्च येतो तेवढ्यात निम्मे तरी येतील. सोमवारी मी दोन नेऊन दिले. आठ राहिलेत.

आपला,
शाळेचा एक जुना गोलकीपर
कोल्हापूर