कर्क्युमिनच्या डबीवर मिरी किती, ते छापा

मा. केंद्रीय आरोग्य मंत्री, नवी दिल्ली यांस,
स. न. वि. वि.

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. आमच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. त्यामुळे मी हळदीच्या विरोधात आहे, असं कृपया समजू नका.

मध्यंतरी नेहमीच्या एक काकू गुडघ्यांसाठी कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, गोळ्या मागायला आल्या. त्यांची रक्त पातळ करणारी गोळी माझ्याकडूनच जाते. मी थांबवलं, तर म्हणाल्या, "अहो, हळदच ना? आमटीत रोज घालते की."

आमटी वेगळी, गोळी वेगळी. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, आणि तेही अंगी फारसं लागत नाही. आतडं आणि यकृत त्याची लगेच वासलात लावतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं, की 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर रक्तात वीसपट कर्क्युमिन पोचतं. म्हणून कंपन्या गोळीत पायपरिन घालतात आणि हे 'वीसपट' ठळक छापतात. पण पायपरिन हे साधतं कसं? यकृताचं निचऱ्याचं काम मंदावून. मग त्याच वाटेने बाहेर पडणारी इतर औषधंही अंगात तुंबू शकतात. ते डबीवर कुठे असतं?

खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे दर किलो वजनामागे दिवसाला 3 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 180. बाजारातली एकेक गोळी 500 ची! इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्यांना कावीळ झाल्याच्या घटना पुढे आल्यावर 2019 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. आपल्याकडे 'औषधी वापरासाठी नाही' एवढं बारीक इंग्रजीत असतं. (गुडघ्यांसाठी नाही तर मग लोक नेतात कशाला, देव जाणे.)

अन्न सुरक्षा प्राधिकरण आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. पायपरिन किती मिलिग्रॅम, ते डबीच्या दर्शनी बाजूला छापायला लावा. यकृताचा किंवा पित्ताशयाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मराठीत, हिंदीत, त्या त्या राज्याच्या भाषेत येऊ द्या. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर गोळी बंद करा, हेही. नाहीतर लोक म्हणतात, हळदीचा रंग उतरला असेल.

काकूंनी त्या दिवशी गोळ्या नेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात नातवाने मोबाईलवरून मागवून दिल्या.

आपला,
सांगलीचा एक औषध विक्रेता