सूचना : पावसाळी सहल आणि जुने पूल

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी मावळात जाताना जुन्या लोखंडी किंवा दगडी पुलावर कोणीही थांबू नये. फोटोसाठी तर मुळीच नाही. 15 जून 2025 ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल पडला, चार जीव गेले. तोही रविवारच होता, धोक्याचा फलकही लावलेला होता. पूल एकाएकी पडत नाही. गंज धरलेल्या सांध्यांवर गर्दीचा आणि दुचाक्यांचा भार एकदम येतो, तेव्हा तो सुटतो. मागच्या सहलीत एका पुलाच्या कठड्याला हात लावला, तर गंजाचे पापुद्रे हातात आले. खाली खांबाच्या दगडांत पिंपळाने मूळ धरलेलं. अजून अंगावर काटा येतो.

धोकादायक पूल नुसता बंद करून भागत नाही, तो पाडलाच पाहिजे. उभा राहिला की लोक जातातच. पण पलीकडच्या वाडीतल्या पोरांची शाळा अलीकडे असते, म्हणून आधी पर्यायी रस्ता हवा. 2016 मध्ये सावित्रीचा पूल वाहून गेल्यावर वर्षभराच्या आत नवा झाला, म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

तशी मागणी करणारं निवेदन तयार आहे. शनिवारी संध्याकाळी सभेला येऊन सही करावी.

– सचिव