खर्गेसाहेबांचं कामगार खातं कुणाला आठवतं का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

डिसेंबर २०२४ ला गांधीजींच्या बेळगाव अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून काँग्रेसची बैठक आपल्या गावात झाली, मल्लिकार्जुन खर्गे आले, त्यांच्यावर भरपूर छापून आलं पण हा माणूस २००९ ते २०१३ केंद्रात कामगार मंत्री होता हे मला तरी कुठं वाचायला मिळालं नाही, ते मनाला लागून राहिलंय म्हणून आज लिहितोय.

मी उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि मत महाराष्ट्र एकीकरण समितीला देतो, काँग्रेसला नाही, तरी सांगतो. २००९ ला पगार दहा हजाराच्या वर गेला म्हणून घरी पेढे आणले आणि थोड्याच महिन्यांत ईएसआयमधनं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यातनं, नाव गेलं, कारण तेव्हा त्याचं पगाराचं लिमिटच दहा हजार. नेमकं तेव्हाच बायकोचं मूतखड्याचं ऑपरेशन निघालं, तिचं गंठण सोसायटीत ठेवून पैसे भरले. १ मे २०१० पासून लिमिट पंधरा हजार झालं, माझं कार्ड परत चालू झालं. पुढच्या वर्षी चकमध्ये बोट सापडलं तर टाके, औषधं, घरी बसलेल्या दिवसांचे पैसे सगळं त्या कार्डावर, कुणाकडं उसने मागायला जावं लागलं नाही. त्यावेळी मंत्री खर्गे होते.

आणि माणूस आपल्याच भागातला की. जन्म १९४२ चा, भालकी तालुक्यातल्या वरवट्टीचा, म्हणजे सीमाप्रश्नातलाच मुलूख, मराठी चांगली बोलतात. लहानपणी रझाकारांनी घर जाळलं त्यात आई आणि बहीण गेली. पुढं वकील झाले, गुलबर्ग्याच्या एमएसके मिल कामगार युनियनचे कायदा सल्लागार होते. १९७२ पासून सलग नऊ वेळा आमदार. मुख्यमंत्रीपद काही मिळालं नाही. कलबुर्गीत, म्हणजे त्याच गुलबर्ग्यात, ईएसआयचं मेडिकल कॉलेज उभं आहे ते त्यांच्यामुळंच.

आता ईएसआयचं लिमिट २०१७ पासून एकवीस हजारावर अडकलंय. आमच्या शॉपमधली तीन पोरं इन्क्रिमेंट झाल्यावर ईएसआयमधनं बाहेर पडली, त्यातल्या एकाची बायको बाळंतपणाला आलीय. खर्गेसाहेब आज राज्यसभेत विरोधी पक्षनेते आहेत, हे खातं त्यांना आतून माहीत आहे, त्यांनी हा विषय तिथं लावून धरावा आणि आपल्या पेपरनं पण तो त्यांच्यापर्यंत पोचवावा ही विनंती.

आपला,
एक कामगार, उद्यमबाग, बेळगाव